बॅटरी बदलण्याआधी तारा मोजा: जुन्या गाडीच्या बॅटरी केबल आणि अर्थिंगची घरच्या घरी दुरुस्ती

जानेवारीतली सकाळ, नागपूरच्या मानेवाड्यातलं आमचं अंगण आणि वडिलांची १९९७ ची मारुती ८००. चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागायचे, हॉर्न खणखणीत वाजायचा, पण सेल्फ मारला की नुसतं 'कट'. दोन-तीनदा प्रयत्न केला तर कधी एकदम घ्यायची, कधी कण्हल्यासारखी अर्धी फिरून थांबायची. बॅटरीला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. ज्या दुकानात गेलो तिथे कोणी मीटर काढला नाही. टर्मिनलकडे एक नजर टाकली आणि नवी बॅटरी बसवून दिली. पंधरा-वीस दिवस गाडी छान चालली. मग पुन्हा तेच 'कट'.

या खेपेला गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना घरी बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलं, मला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला लावला आणि म्हणाले, "आता ॲक्सिलेटरच्या केबलले हात लावून पाहा." केबल चांगलीच कोमट झाली होती. "बॅटरी नाही गेली जी भाऊ, अर्थिंग गेलं. सारा करंट या केबलीतून वापस येऊन राहिला. तुम्ही काऊन बॅटऱ्या बदलवता?"

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीला किंवा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणारी एक जाड पट्टी असते. आमच्या गाडीत ती पट्टी बोल्टपाशी सडली होती. स्टार्टरचा करंट मिळेल त्या वाटेने परतत होता आणि त्याला सापडलेली वाट म्हणजे ॲक्सिलेटरची बारीक केबल. पट्टीची किंमत बॅटरीपुढे काहीच नव्हती. नवी बॅटरी बसवल्यावर गाडी काही दिवस नीट का चालली, तेही काकांनीच सांगितलं. बॅटरी बदलताना टर्मिनल घासलं जातं, नट आवळला जातो आणि ताजी बॅटरी थोडा जास्त जोर लावते. तेवढ्यावर रडतखडत निभावतं आणि आपल्याला वाटतं, बॅटरीच खराब होती.

मारुती ८००, ओम्नी, झेन, एस्टीम, पद्मिनी, ॲम्बेसेडर, सुमो, जुनी जीप अशा १२ व्होल्टच्या गाड्या ज्यांच्याकडे अजून आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे. पुढे सगळीकडे निगेटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेली गाडी गृहीत धरली आहे. फार जुन्या ब्रिटिश बनावटीच्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असे. तशी गाडी असेल तर वायरच्या रंगावर विसंबू नका, बॅटरीवरची + आणि − ही चिन्हं पाहूनच पुढे जा.

दिवे लागतात, मग सेल्फ का घेत नाही?

हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारला आहे आणि याचं उत्तर कळलं की अर्धी दुरुस्ती झालीच म्हणायची. छतातला ५ वॅटचा दिवा जेमतेम ०.४ ॲम्पियर करंट घेतो. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर इंजिन फिरवताना १०० ते १५० ॲम्पियर घेतो, डिझेलचा २०० च्या पुढे जातो. आता समजा, टर्मिनलच्या गंजामुळे जोडात ओहमचा फक्त शंभरावा भाग, म्हणजे ०.०१ ओहम इतका रोध तयार झाला. दिव्याच्या वाटेत तो ०.००४ व्होल्ट खातो, ते कोणाला कळणारही नाही. स्टार्टरच्या वाटेत मात्र १५० ॲम्पियरला तोच रोध १.५ व्होल्ट खातो. शिवाय त्या जोडावर २२५ वॅटची उष्णता तयार होते. सेल्फ मारल्यावर गरम लागणारं टर्मिनल म्हणजे हीच वाया गेलेली वीज.

म्हणूनच मल्टीमीटर ओहमवर ठेवून केबल तपासण्यात काही अर्थ नाही. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२ ते ०.५ ओहम दाखवतात, त्यात ०.०१ कुठे दिसणार? केबलच्या शंभर तारांपैकी एक जरी शाबूत असली तरी ओहमचा मीटर 'ठीक आहे' म्हणेल. केबलमधून खरोखरचा करंट धावत असताना तिच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट हरवतात, ते मोजायचं. याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात.

नागपूरच्या हवेचाही यात मोठा वाटा आहे. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि दरवर्षी ४५ च्या आसपास तर जातोच. उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटा लवकर झिजतात, केबलचं आवरण कडक होऊन तडकतं. पावसाळ्यात त्या तडांमधून ओल आत शिरते. मग डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर कमी पडतो आणि उन्हाळ्यात लागलेली कीड तेव्हा उघडी पडते. दोष मात्र थंडीला मिळतो.

आधी कान आणि डोळे

सेल्फ मारताना हेडलाइट लावून ठेवा आणि समोरच्या भिंतीवर नजर ठेवा. दिवे पार विझत आले आणि 'कटकटकट' असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. दिवे चांगले प्रखर राहिले आणि एकच 'कट' आला किंवा इंजिन मंद फिरलं, तर बॅटरीत जोर आहे पण तो स्टार्टरपर्यंत पोचत नाही. स्टार्टरची केबल, इंजिनचं अर्थिंग, सोलनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) किंवा खुद्द स्टार्टर यांपैकी काहीतरी आहे. इंडिकेटर लावल्यावर दुसराच दिवा लुकलुकत असेल, तर त्या भागाचं बॉडी अर्थ गेलं आहे.

हाताशी काय लागेल

डिजिटल मल्टीमीटर, काहीशे रुपयांचा साधा चालतो. दहा, बारा, तेरा आणि चौदा नंबरचे पाने. तारेचा ब्रश, १०० किंवा १२० नंबरचा पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, खायचा सोडा, गरम पाणी, पेट्रोलियम जेली, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. केबल बदलायची वेळ आली तर बाकीचं सामान तेव्हा आणता येईल.

काम सुरू करण्याआधी हातातली अंगठी, कडं आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. पॉझिटिव्ह आणि बॉडी यांच्यामध्ये अंगठी सापडली तर ती क्षणात लाल होते आणि बोटासकट भाजते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी, उदबत्ती, लायटर काही नको. बंद शेडमध्ये काम करू नका, गाडी अंगणात काढा. आणि एक नियम कायमचा लक्षात ठेवा: काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हचा नट सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर सरळ शॉर्ट होतो. निगेटिव्ह आधीच सुटलेलं असेल तर तोच पाना टेकला तरी काही होत नाही.

मोजणी: इथे घाई करू नका

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचे व्होल्ट सकाळी, काहीही चालू न करता मोजा. १२.६ किंवा त्याहून थोडे जास्त म्हणजे पूर्ण चार्ज. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. त्याखाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करून घ्या. उतरलेल्या बॅटरीवर केलेली पुढची मोजणी फसवी निघते.

आता गाडी सुरू न होता नुसता स्टार्टर फिरला पाहिजे. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलच्या + टोकाची बारीक वायर काढा आणि तिला टेप गुंडाळून बाजूला ठेवा. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढा. जुन्या डिझेलला इंजिन बंद करायची ओढायची केबल असेल तर ती ओढून ठेवा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि आत चावीपाशी भरवशाचा माणूस. तुम्ही 'हो' म्हटल्यावर त्याने पाच सेकंद सेल्फ मारायचा, मग अर्धा मिनिट विश्रांती. स्टार्टर सलग फिरवला तर तो जळतो.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. पहिलं माप खुद्द बॅटरीचं. दोन्ही टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवा, त्यांना आवळलेल्या टर्मिनलवर नाही. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण खुंटी आणि टर्मिनल यांच्यामधला जोडच बहुतेक वेळा गुन्हेगार निघतो. सेल्फ मारताना इथे ९.६ च्या वर राहिलं पाहिजे. चांगल्या बॅटरीवर छोटी गाडी १०.५ च्या पुढेच राहते. इथेच आठ-नऊ दिसले तर प्रश्न बॅटरीचा असू शकतो.

दुसरं माप पॉझिटिव्ह बाजूचं. मीटरचं लाल टोक बॅटरीच्या + खुंटीवर, काळं टोक स्टार्टरवरच्या जाड केबलच्या बोल्टवर. सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपर्यंत उत्तम, ०.५ पर्यंत चालवून घ्या, त्यापुढे काम काढायलाच हवं.

तिसरं माप निगेटिव्ह बाजूचं, आणि माझ्या अनुभवात हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग किंवा तेल नसेल अशा जागी, आणि काळं बॅटरीच्या − खुंटीवर. ०.२ पर्यंत ठीक. नंतर इंजिनऐवजी लाल टोक बॉडीवर टेकवून पुन्हा मोजा. इंजिनवर जास्त आणि बॉडीवर कमी आलं, तर इंजिनची पट्टी गेली. दोन्हीकडे जास्त आलं, तर बॅटरीजवळचा जोड किंवा निगेटिव्हची मुख्य केबल गेली.

आमच्या गाडीचं गणित वहीत लिहून ठेवलं आहे. सेल्फ मारताना बॅटरीवर ११.४, पॉझिटिव्ह बाजूला ०.४, इंजिनच्या निगेटिव्ह बाजूला २.८. म्हणजे ११.४ मधून स्टार्टरला मिळत होते जेमतेम ८.२. बॉडीवर मात्र फक्त ०.१५. याच आकड्यांवरून पट्टी सापडली, एकही वस्तू न उघडता.

माप जास्त आलं की त्या वाटेचे तुकडे पाडा: खुंटी ते टर्मिनल, टर्मिनल ते केबलची तार, केबलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शेवटचं थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला, बोल्टसाठी भोक असलेला धातूचा तुकडा) ते बोल्ट. एका जोडावर ०.१ पेक्षा जास्त नको. जिथे आकडा उडी मारतो तिथेच दुखणं. मोजणी झाली की कॉइलची वायर परत जोडायला विसरू नका.

टर्मिनल साफ करणं

निगेटिव्ह आधी काढा, मग पॉझिटिव्ह. टर्मिनल अडकून बसलं असेल तर नट पूर्ण ढिला करा, पेचकसाने टर्मिनलचं तोंड किंचित फाकवा आणि हलकेच डावी-उजवीकडे फिरवत वर ओढा. हातोडीने ठोकू नका. धक्क्याने खुंटी आतल्या प्लेटांपासून सुटते किंवा तिच्या बुडापाशी फट पडून ॲसिड झिरपायला लागतं.

पांढरी बुरशी दिसते ती शिशाचं सल्फेट, निळी-हिरवी दिसते ती तांब्याचं. दोन्ही ॲसिडच्या वाफांमुळे तयार होतात. बॅटरीची झाकणं घट्ट लावली आहेत याची खात्री करा, कारण सोडा आत गेला तर बॅटरीतलं ॲसिड मारलं जातं. गरम पाण्याच्या मगात दोन चमचे खायचा सोडा विरघळवून टूथब्रशने टर्मिनलवर लावा. फस्सकन फेस येईल. फेस यायचा थांबेपर्यंत लावत राहा, मग साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. बॅटरीखालचा पत्र्याचा ट्रेही असाच धुवा. तिथे ॲसिड साचून पत्रा सडतो, बॅटरी हलायला लागते आणि हलणारी बॅटरी केबलचे जोड रोज थोडे थोडे खिळखिळे करते. बॅटरी आवळणारी पट्टी तुटली असेल तर तीही आजच बसवा.

सगळं वाळल्यावर खुंटी आणि टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरने घासा. शिसं चंदेरी चमकलं पाहिजे. काळपट करडा थर राहिला तर वरवर स्वच्छ दिसणारा जोडही व्होल्ट खातो.

इथे छोट्या गाड्यांच्या मालकांनी एक गोष्ट पाहावी. मारुतीसारख्या गाड्यांच्या बॅटरीला बहुधा बारीक खुंट्या असतात, दुसऱ्या जातीच्या बॅटरीला जाड. शिवाय प्रत्येक बॅटरीत + खुंटी − पेक्षा थोडी जाड असते. जाड खुंटीचं टर्मिनल बारीक खुंटीवर आवळलं की ते नट संपेपर्यंत आवळूनही फिरत राहतं. मग कोणी खिळा ठोकतं, कोणी पत्र्याची चकती घालतं. हे करू नका. बारीक खुंटीवर बसणारी शिशाची नळी मिळते, ती घाला किंवा योग्य मापाचं टर्मिनल आणा. हाताने जोर लावून टर्मिनल जरासुद्धा फिरलं, तर ते बसलेलंच नाही.

पेट्रोलियम जेली टर्मिनल आवळून झाल्यावर बाहेरून लावायची, आत थापून नाही. धातूला धातू भिडू द्या, मग वरून हवा बंद करा.

केबल ठेवायची की बदलायची?

टर्मिनलपासून दोन-तीन इंच मागे केबल हाताने वाकवून पाहा. कडक, कुरकुरीत किंवा फुगीर लागली तर आवरणाखाली गंज शिरला आहे. ब्लेडने थोडं आवरण सोला. तांबं गुलाबी-लालसर असलं तर ते टोक कापून नवं थिंबल लावता येईल, लांबी पुरत असेल तरच. तार काळी किंवा हिरवी निघाली तर अजून इंचभर मागे कापून पाहा. तिथेही काळी असेल तर पूर्ण केबल बदला. ॲसिड तारांच्या आतून वातीत तेल चढावं तसं चढतं आणि घासून ते जात नाही.

नवी केबल किती जाडीची? छोट्या पेट्रोल गाडीला २५ चौरस मिलिमीटर, मोठ्या पेट्रोलला ३५, डिझेलला ५० हा माझा हिशेब. २५ ची एक मीटर तांब्याची केबल १५० ॲम्पियरला साधारण ०.११ व्होल्ट खाते, १६ ची केली तर तेच ०.१७ च्या पुढे जातं. जुन्या केबलपेक्षा बारीक केबल कधीही घालू नका.

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही मिळते. दुकानात टोकाची एक तार नखात धरून ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर परत करा. हातात घेतल्यावरही ती केबल तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा हलकी लागते. घरातल्या वायरिंगची जाड वायर इथे चालत नाही, कारण तिच्यातल्या तारा थोड्या आणि जाड असतात, इंजिनच्या थरथरीने त्या तुटतात. बारीक तारांची लवचिक वेल्डिंग केबल आपल्याकडचे बरेच इलेक्ट्रिशियन वापरतात आणि ती चांगली चालते. फक्त तिच्या आवरणाला तेल आणि उष्णतेपासून जपायला वरून जाळीची किंवा पन्हाळी स्लीव्ह चढवा.

थिंबल हे टिनचा मुलामा असलेल्या तांब्याचं, केबलच्याच मापाचं आणि बोल्टच्या मापाच्या भोकाचं घ्या. भोक मोठं असेल तर भिडणारी जागा कमी होते. आवरण थिंबलच्या नळीएवढंच सोला, तारा सगळ्या आत गेल्या पाहिजेत, एकही कापलेली नको. दाबायला हायड्रॉलिक क्रिम्पिंगचं यंत्र लागतं. ते घरी नसतं, पण इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये असतं. हिंगण्याच्या एमआयडीसीत अशा कामाची दुकानं शोधावी लागत नाहीत. पक्कडीने चेपून किंवा हातोडीने ठोकून केलेला जोड आज घट्ट वाटतो आणि पावसाळ्यानंतर गरम व्हायला लागतो. दाबून झाल्यावर थिंबल पान्यात अडकवून केबल जोरात ओढून पाहा.

नुसत्या सोल्डरवर भिस्त ठेवू नका. सोल्डर तारांमधून वर चढतं, तिथे केबल काडीसारखी ताठ होते आणि थरथरीने नेमकी त्याच जागी तुटते. जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी चढवा, पण थिंबल दाबायच्या आधी ती केबलवर सरकवून ठेवा. नंतर ती घालायला जागाच उरत नाही.

दोन बोल्टच्या पट्टीखाली तारा दाबून बसवायची तयार टर्मिनलं मिळतात. रस्त्यात अडकलात तर ती कामाला येतात, पण त्यांच्यात तारा उघड्या राहतात आणि वर्षभरात हिरव्या पडतात. घरी पोचल्यावर पक्कं काम करून घ्या.

जुनी केबल ज्या वाटेने गेली होती त्याच वाटेने नवी न्या. एक्झॉस्टपासून लांब, पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी ग्रोमेटमधून, वीस-पंचवीस सेंटीमीटरवर क्लिप आणि इंजिनच्या बाजूला थोडा झोल. सेल्फ मारताना इंजिन कलतं, ताणून बसवलेली केबल त्या झटक्याने तुटते. बऱ्याच गाड्यांत + टर्मिनलवरून दोन-तीन बारीक वायरी निघतात, त्या फ्युझिबल लिंक असतात. शॉर्ट झाल्यास आधी त्या जळाव्यात म्हणूनच त्या तशा ठेवलेल्या आहेत. जळाल्या तर साधी वायर जोडू नका, त्याच मापाची लिंक आणा. नाहीतर पुढच्या वेळी पूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा जुडगाच पेटेल.

अर्थिंग

केबलवर हजार रुपये खर्च करून अर्थिंगचा बोल्ट तसाच सोडणारे लोक मी पाहिले आहेत. दोन जागा शोधा: बॅटरीपासून बॉडीवर जाणारी आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून निघणारी. बोल्ट काढा, थिंबलखालचा रंग आणि गंज काढून पत्रा पांढरा करा, थिंबलही घासा. आमच्या पट्टीचं टोक बोल्टवरून काढलं तेव्हा विणलेल्या तारांचा हिरवट चुरा हातात आला. बाहेरून काळ्या तेलकट थरामुळे ती अखंड दिसत होती.

थिंबलखाली दातेरी वायसर टाका, त्याचे दात पत्र्यात रुततात. वर स्प्रिंग वायसर घालून आवळा आणि मग पूर्ण जागेवर ग्रीस फासा, कारण उघडा पत्रा पहिल्याच पावसात गंजतो. नवी पट्टी मिळाली नाही तर मुख्य केबलच्याच जाडीचा तुकडा दोन थिंबल लावून वापरा. जास्तीची एक पट्टी टाकली तरी नुकसान काही नाही.

लहान जोड

इथे नागपूरच्या उन्हाचा मला राग येतो. पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेला जोड एका उन्हाळ्यात खलास होतो. टेपचा गोंद वितळून वायरीवरून ओघळतो, टेप सुटते, त्या चिकट्यावर धूळ बसते आणि बोट लावलं की काळा डाग पडतो. असे जोड दिसतील तिथे कापा आणि क्रिम्प करून वर हीट श्रिंक घाला. हेडलाइटच्या कपलरमधलं प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर आतली पिन सैल आहे, कपलर बदला. फ्यूज काढून त्यांचे पाय पाहा, हिरवे किंवा काळे असतील तर घासा आणि त्याच ॲम्पियरचा फ्यूज परत लावा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधायला बॅटरीच्या मागे आणि एअर फिल्टरच्या खाली टॉर्च मारा. तिथे लेंड्या दिसल्या तर वायरी हाताने चाचपून पाहा.

जोडून तपासा

पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. गाडी सुरू करून इंजिन थोडं वाढवा आणि बॅटरीवर माप घ्या. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आलं पाहिजे. हेडलाइट आणि ब्लोअर लावून अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) जाड बोल्टपासून बॅटरीच्या + खुंटीपर्यंतचा ड्रॉपही मोजा, ०.३ पेक्षा जास्त नको. चालू गाडीचं टर्मिनल काढून डायनॅमो तपासायची जुनी सवय काही जणांना अजून आहे. अल्टरनेटरच्या गाडीत हे कधीच करू देऊ नका. बॅटरी सुटताच व्होल्ट एकदम उसळतात आणि डायोड, रेग्युलेटर, रेडिओ जे सापडेल ते जळतं.

शेवटी ड्रॉपची तिन्ही मापं पुन्हा घ्या आणि तारखेसह गाडीच्या वहीत लिहा. आमच्या गाडीची इंजिन बाजू २.८ वरून ०.०९ वर आली आणि ॲक्सिलेटरची केबल थंड राहिली. ती केबलही आम्ही बदलली, कारण तापून तिच्या आतलं अस्तर वितळलं होतं आणि पेडल जड झालं होतं.

आठ दिवसांनी टर्मिनलचे नट परत एकदा पाहा. शिसं मऊ असतं, दाबाखाली थोडं बसतं आणि नट पाव आटा ढिला होतो. दहा नंबरच्या छोट्या पान्याने हाताच्या बेताच्या जोरावर आवळा, त्याहून जास्त आवळलं तर टर्मिनल चिरतं. पुढची मोजणी मृगाच्या आधी आणि मग दिवाळीनंतर.